नंबर आहे ना?

चिंचोटी नाक्यावर उभं राहिलं की दोन अठ्ठेचाळीस एकमेकांत अडकलेले दिसतात. रस्ता राष्ट्रीय महामार्ग ४८, आणि त्यावर तुंबलेल्या निम्म्या गाड्यांच्या पाट्या एमएच ४८, म्हणजे आपल्या वसईच्या. या दोन आकड्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. २०१० साली देशभरच्या महामार्गांना नवे नंबर दिले गेले तेव्हा आपला जुना ८ नंबर ४८ झाला. गाड्यांचा ४८ आला तो आरटीओच्या यादीतून. पण नाक्यावरच्या टपरीवर एक गृहस्थ दुसऱ्याला समजावत होते, "रस्ता आपल्यासाठीच आहे रे, नंबर बघ की!" दुसऱ्याने कामणच्या फाट्यापासून लागलेली कंटेनरांची रांग पाहिली, चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "मग आपल्यालाच का पुढं जाऊ देत नाहीत?"

आमच्या भागात माणसाच्या शब्दापेक्षा नंबरावर विश्वास जास्त. गट नंबर, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, घरपट्टीचा नंबर, वीजबिलाचा ग्राहक क्रमांक, बिल्डरच्या फलकावरचा रेराचा नंबर. एखादा कागद दाखवला की पहिला प्रश्न "काय लिहिलंय?" हा नसतो, "नंबर आहे ना?" हा असतो. नंबर असला की कागद खरा. आणि नंबर चांगला असला की माणूस मोठा. जमिनीचे पैसे आले की पहिली गाडी येते आणि गाडीच्या आधी गाडीचा नंबर येतो. आरटीओत ०००१ साठी काही लाख मोजावे लागतात, ते मोजले जातात. ज्यांना ते परवडत नाही ते ८०५५ घेतात आणि पाटी रंगवणाऱ्याला सांगून त्याचं इंग्रजीतलं 'बॉस' करून घेतात. मग वाहतूक पोलीस थांबवतो आणि बॉस दंड भरतो.

असा सगळा नंबरांचा संस्कार झालेला माणूस एक दिवस रोलेक्स घेतो, तेव्हा काय होतं ते सांगायचं आहे.

आमच्या सोसायटीच्या खजिनदारांनी ते घेतलं. बेल वाजली, दार उघडलं, तर त्यांनी आधी मनगट आत घातलं आणि मग स्वतः आले. "काय लेखक, टाइम काय झाला?" मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहणार तेवढ्यात त्यांनी मनगट माझ्या नाकाखाली धरलं. हिरवट सोनेरी काटे, काळी डायल, वर मुकुट, खाली 'सबमरिनर'. "दुबईहून मित्राने पाठवलं. ओरिजनल. मागे नंबर आहे," असं म्हणून त्यांनी ते उलटं केलं. पाठीवर खरंच नंबर होता. इतका ठळक, की चष्म्याशिवाय वाचता येत होता.

मला संशय तिथेच आला, पण पाहुण्याला आधी पाणी द्यावं, मग धक्का, असा आमच्याकडे रिवाज आहे.

पाणी देऊन मी मूळ गोष्टीपासून सुरुवात केली. भारी मेकॅनिकल घड्याळावर साधारण दोन नंबर असतात. एक रेफरन्स नंबर, म्हणजे हे कोणतं मॉडेल आहे. दुसरा सिरियल नंबर, म्हणजे त्या मॉडेलमधला हा नेमका कोणता नग आहे. खजिनदारांचा चेहरा कोरा राहिला. मग त्यांच्या भाषेत सांगितलं: रेफरन्स नंबर म्हणजे बिल्डरच्या नकाशातला 'टाइप ए, वन बीएचके', तसे शंभर असतील. सिरियल नंबर म्हणजे तुमचा फ्लॅट नंबर, तो एकाचाच. "हां, हां," खजिनदार म्हणाले, "म्हणजे हा माझा फ्लॅट नंबर." मी म्हटलं, तेच बघायचंय.

रोलेक्सच्या जुन्या घड्याळांत हे दोन्ही नंबर अशा ठिकाणी कोरलेले असत की मालकाला ते सहसा दिसूच नयेत. पट्टा ज्या दोन शिंगांमध्ये अडकतो त्या फटीत. बाराच्या बाजूला रेफरन्स, सहाच्या बाजूला सिरियल. पट्टा काढल्याशिवाय वाचता येत नाही, आणि पट्टा घड्याळजीशिवाय कोणी काढू नये. या शतकाच्या पहिल्या दशकात कंपनीने सिरियल नंबर काचेच्या आत आणला, डायलभोवतीच्या उभ्या कड्यावर, सहाच्या आकड्यापाशी. बाकीच्या कड्यावर कंपनीचं नाव गोल गोल फिरत जातं. खऱ्या नंबराच्या रेषा भिंगाखाली धारदार आणि चकचकीत दिसतात. नकली नंबर पुष्कळदा आम्लाने खाल्ल्यासारखा, वाळू शिंपडल्यासारखा दिसतो. आणि पाठीवर? रोलेक्स सहसा पाठीवर बाहेरून काहीच लिहीत नाही. पाठ कोरी. कोट्यधीश माणसाने गळ्यात ओळखपत्र घालू नये, तसं काहीसं.

खजिनदारांनी पाणी संपवलं. "पण नंबर आहे ना," ते म्हणाले.

आहे. पण नंबर काय बोलतो ते तरी ऐकू या. एके काळी रोलेक्सचे नंबर शहाण्यासारखे एकामागून एक चालायचे. आकडे संपत आले तेव्हा १९८७ च्या सुमारास पुढे अक्षर लावायला सुरुवात झाली. आधी आर, मग एल, ई, एक्स. ओ गाळला, कारण तो शून्यासारखा दिसतो. कंपनीचं नाव असं एक अक्षर कमी करून संपलं, आणि मग एन, सी, एस, डब्ल्यू अशी गाडी मनाला येईल त्या स्टेशनावर थांबत गेली. कोणत्या अक्षराचं साल कोणतं, याचे तक्ते शौकिनांनी विकल्या गेलेल्या घड्याळांवरून आणि जुन्या पावत्यांवरून बसवले. कंपनीने स्वतः असा तक्ता कधी हातात ठेवला नाही. त्यामुळे दोन तक्त्यांत वर्ष-दीड वर्षाचा फरक पडतो आणि त्यावरून दोन शौकिनांत जन्माचं वैर.

मग आलं २०१०. आपला महामार्ग ८ चा ४८ झाला तेच साल. त्या सुमारास रोलेक्सने क्रमच बंद केला. आता आठ अक्षरं-आकडे येतात, ते कसेही. त्यावरून साल कळत नाही, महिना कळत नाही, आधी कोण आणि नंतर कोण तेही कळत नाही. सगळ्यात मोठा अपमान म्हणजे तो नंबर निवडता येत नाही. फॉर्च्युनरला ०००१ लावणारा माणूस त्याहून महाग घड्याळ घेतो आणि त्याला मिळतं काय, तर वायफायच्या पासवर्डसारखं काहीतरी. "जादा भरायला तयार आहे" असं म्हणून भागत नाही. नाक्यावरच्या एका जमीनदार मित्राला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग दुसऱ्याला कळणार कसं?"

जुन्या काळी मात्र नंबरच घड्याळाचं नाव व्हायचं, आणि याचं सगळ्यात मोठं उदाहरण आमच्या भागातल्या कुठल्याही फ्लॅटधारकाला एका दमात कळेल. पॅरिसचे अब्राहम-लुई ब्रेगे हे त्यांच्या काळातले सगळ्यात नावाजलेले घड्याळजी. १७८३ साली त्यांच्याकडे राणी मारी आंत्वानेतसाठी एका घड्याळाची ऑर्डर आली: माहीत असलेली एकूण एक करामत त्यात घाला, खर्चाची आणि वेळेची मर्यादा नाही. शेवटचे तीन शब्द कोणत्याही बिल्डरला ऐकवू नयेत. बुकिंग १७८३. ग्राहक राणीचा शिरच्छेद १७९३. बिल्डरचं, म्हणजे ब्रेगे यांचं, निधन १८२३. काम पूर्ण १८२७. चव्वेचाळीस वर्षांनी ताबा, आणि घ्यायला कोणी नाही. त्या घड्याळाला आजही कोणी 'राणीचं घड्याळ' एवढ्यावर सोडत नाही. ते 'नंबर १६०' आहे. १९८३ साली जेरुसलेमच्या संग्रहालयातून ते चोरीला गेलं आणि २००७ मध्ये परत मिळालं. चोवीस वर्षं बेपत्ता राहूनही त्याची ओळख पटायला अडचण आली नाही, कारण १६० नंबर एकच होता आणि ब्रेगे यांच्या घराण्याच्या वह्यांत त्याचा हिशेब होता.

वह्यांचं महत्त्व तिथे आहे. पाटेक फिलिपसारखी १८३९ पासूनची कंपनी घड्याळाच्या मशीनचा आणि केसचा असे दोन वेगळे नंबर ठेवते. पैसे भरले की जुन्या दप्तरात बघून उतारा काढून देते: हे मशीन या केसमध्ये, अमुक साली बनलं, अमुक तारखेला विकलं गेलं. हा घड्याळाचा सातबाराच म्हणायचा. फरक एवढाच, की इथे इतर हक्कांच्या रकान्यात चुलत्यांची नावं नसतात.

"आमच्या वडिलांचं सीको होतं," खजिनदार मध्येच म्हणाले, "त्याच्यावर पण नंबर होता."

होताच. आणि खरं सांगायचं तर सामान्य माणसासाठी याहून प्रामाणिक नंबर दुसरा नाही. वसईतून आखातात आणि बोटीवर गेलेल्यांनी येताना टेपरेकॉर्डर, परफ्यूम आणि सीको-५ आणली. वसईच्या वाड्यांतल्या कपाटांत ती अजून सापडतात. त्या काळातल्या सीकोच्या पाठीवर सहा आकडे असतात. पहिला आकडा सालाचा शेवटचा अंक. दुसरा महिना: एक ते नऊ सरळ, पुढे ऑक्टोबरला ओ, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. म्हणजे सुरुवात ७६ ने झाली तर साल सातवर संपणारं आणि महिना जून. साल १९७७, १९८७ की १९९७, ते मात्र नंबर सांगत नाही. त्यासाठी मॉडेल कधी निघत होतं ते बघावं लागतं. महिना पक्का, दशक अनिश्चित. ही पद्धत आमच्या भागात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. रस्त्याचं काम जूनमध्ये पूर्ण होईल, हे आम्ही प्रत्येक उन्हाळ्यात ऐकतो, आणि जूनबद्दल आमची कधीच तक्रार नसते.

आता मुंबईच्या मानाची गोष्ट. जगभर घड्याळं जमवणाऱ्या लोकांच्या बोलण्यात आपल्या शहराच्या नावाची एक संज्ञा आहे: 'मुंबई स्पेशल'. बोंबलाला 'बॉम्बे डक' म्हणून जो मान मिळाला, तसलाच हा. जुनं सीको, एचएमटी किंवा फेवर ल्युबा घ्यायचं, केस घासूनपुसून आरशासारखी करायची, डायल नव्याने रंगवायची, तीही मूळ कंपनीला स्वप्नातसुद्धा सुचली नसती अशा रंगात. पोपटी, जांभळी, लग्नातल्या पेढ्याच्या बॉक्ससारखी गुलाबी. काटे दुसऱ्याचे, मशीन तिसऱ्याचं, चावी मिळेल ती. मग ते परदेशी शौकिनाला विकायचं. तो बिचारा नंबर वाचतो, केस १९७२ ची निघते, मशीन १९८१ चं, आणि डायल गेल्या मंगळवारची. फेवर ल्युबा ही १७३७ पासूनची स्विस पेढी १८६५ साली मुंबईत आली आणि नंतर तिची सी चीफ, सी किंग ही घड्याळं आपल्या आजोबांच्या मनगटावर स्थिरावली. आजोबा गेले, घड्याळ ट्रंकेत राहिलं, ट्रंक भंगारात गेली आणि सी किंग आता निळाजांभळा होऊन कुठल्या तरी बर्फाळ गावात एखाद्या डेंटिस्टच्या हातावर आहे. मुंबई स्पेशलला लोक नावं ठेवतात. माझं मत वेगळं आहे. त्यातलं प्रत्येक घड्याळ चालतं. तीन मेलेल्या घड्याळांतून एक जिवंत करणाऱ्या कारागिराला फसवणूक करायची असती तर त्याने गुलाबी रंग निवडला नसता. फसवतो तो विकणारा, 'ऑल ओरिजनल' लिहून.

आणि हे काही फक्त आपल्याकडेच चालतं असं नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात ओमेगाचं एक जुनं स्पीडमास्टर एकतीस लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. विकत कोणी घेतलं? खुद्द ओमेगाने, आपल्या संग्रहालयासाठी. २०२३ मध्ये उघड झालं की ते घड्याळ इकडून तिकडून भाग जमवून उभं केलेलं होतं, आणि त्यात कंपनीच्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात असल्याचं कंपनीने सांगितलं. म्हणजे घड्याळ खोटं, पण ते खरं ठरवणारी माणसं अस्सल कंपनीची. एकतीस लाख फ्रँकचं मुंबई स्पेशल, तेही तपकिरी डायलचं. आपल्या कारागिराने निदान गुलाबी तरी केलं असतं.

ओमेगाचीच दुसरी गोष्ट. १९६९ साली बझ ऑल्ड्रिन हातावर स्पीडमास्टर बांधून चंद्रावर उतरले. पृथ्वीपासून जवळजवळ चार लाख किलोमीटर लांब जाऊन ते घड्याळ सुखरूप परत आलं. पुढे ते वॉशिंग्टनच्या संग्रहालयाकडे पाठवलं तेव्हा वाटेत गहाळ झालं, ते आजतागायत सापडलेलं नाही. चंद्रावरून आलं आणि पार्सलात गेलं. तेव्हापासून जुनं स्पीडमास्टर हातात आलेला प्रत्येक माणूस आधी मागची बाजू उघडून नंबर बघतो.

खजिनदार म्हणाले, "माझ्या घड्याळाचा बॉक्स आहे. कार्डही आहे. कार्डावर हाच नंबर आहे." म्हणजे फुल सेट. घड्याळाच्या बाजारात बॉक्स आणि पेपर असले की भाव चढतो, नसले की उतरतो. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसईचा किल्ला घेतला आणि इथल्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात गेल्या. एक मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्याजवळच्या घाटावर आहे, तिच्यावर १७०७ साल आहे. एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात. कोणी विचारलं नाही की आप्पा, बॉक्स कुठाय? धातूवर साल आहे, आणि पावणेतीनशे वर्षं लोकांनी घंटा कुठून आली ते एकमेकांना सांगितलंय. पण खजिनदारांच्या कार्डाची गोष्ट वेगळी. ज्या मशीनवर नंबर छापता येतो त्याच मशीनवर कार्डही छापता येतं. घड्याळ आणि कार्ड एकमेकांची साक्ष देतात, आणि दोघंही एकाच गाळ्यातून आलेले.

इथे थोडं गंभीर व्हावं लागतं. शेजारच्या नालासोपाऱ्यात अग्रवाल नगरीतल्या ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशाने २०२४ च्या अखेरीपासून पाडल्या गेल्या. त्या घरांच्या दारांवर नंबर होते. लोकांनी पैसे भरून, नंबर बघून घरं घेतली होती. फ्लॅट नंबर खोटा नव्हता. खालची जमीन आणि वरचा कागद जुळत नव्हता. म्हणून कोणी "नंबर आहे ना" म्हटलं की मी हल्ली पुढचा प्रश्न विचारतो: नंबर कोणाच्या वहीत आहे?

मोबाइलवर मी खजिनदारांच्या घड्याळाच्या पाठीवरचा नंबर टाकला. तीन वेगवेगळ्या देशांतल्या लोकांनी आपापल्या घड्याळाचे फोटो टाकून 'हे खरं आहे का?' असं विचारलेलं होतं. तिघांचा नंबर तोच. नकली घड्याळांत हे नेहमीचं. एक नंबर घेतात आणि पूर्ण गठ्ठ्यावर तोच मारतात. कधी तो खऱ्याच घड्याळाचा फोटोवरून उचललेला असतो, म्हणून तर शहाणे विक्रेते फोटो काढताना नंबराच्या शेवटच्या आकड्यांवर अंगठा ठेवतात. खजिनदारांनी तिन्ही फोटो नीट बघितले. "म्हणजे हे मॉडेल चालतंय बाजारात," ते म्हणाले. मग आवाज खाली घेऊन: "मित्र म्हणाला होता फर्स्ट कॉपी आहे. पण मला वाटलं, फर्स्ट म्हणजे पहिली." या शब्दाचं मला नेहमी कौतुक वाटतं. आजवर सेकंड कॉपी विकणारा एकही दुकानदार मी पाहिलेला नाही.

त्यांना बरं वाटावं म्हणून मी सांगितलं की खरं सबमरिनर तीनशे मीटर खोल पाण्यात चालतं, पण आपल्याला त्याचा उपयोग काय? आपल्याकडे पाणी म्हणजे चिंचोटीचा धबधबा, आणि तिथे दर पावसाळ्यात माणसं बुडतात म्हणून जायलाच बंदी घालतात. तीनशे मीटरचं घड्याळ घालून तुंगारेश्वरच्या रस्त्यावर पोलिसांच्या अडथळ्यापाशी उभं राहायचं, एवढीच त्याची खोली.

खऱ्या घड्याळाचा नंबर मात्र लिहून ठेवावा, हे मी आवर्जून सांगतो. विरार लोकलमध्ये घड्याळ गेलं आणि माणूस तक्रार द्यायला गेला, की संवाद असा होतो. कसं होतं? गोल होतं. रंग? सोनेरी. काही खूण? काटे होते. नंबर? नंबर घड्याळावरच होता. लंडनमध्ये चोरीच्या घड्याळांची नोंद ठेवणारं एक 'वॉच रजिस्टर' आहे, तिथे सगळा शोध सिरियल नंबरावरूनच चालतो. "सोनेरी, गोल" या नोंदीवर अजून तरी कोणाचं घड्याळ परत आलेलं ऐकिवात नाही.

तरी खजिनदारांना दुसरं मत हवं होतं. म्हणून आम्ही वसई स्टेशनजवळच्या घड्याळजीकाकांकडे गेलो. बरोबर वहिनीही आल्या, त्यांना स्टेशनवरून भाजी घ्यायची होती. काका काचेच्या पेटीमागे बसतात. डोळ्याला भिंग लावून बोलतात, त्यामुळे ते कोणाशी बोलतायत ते कळत नाही. त्यांनी घड्याळ हातात घेतलं आणि नंबराकडे बघितलंसुद्धा नाही. कानाशी लावलं. चावी फिरवली. बॅक उघडली आणि लगेच बंद केली, चुकून दुसऱ्याच्या घराचं दार उघडल्यासारखी.

"चालतं का?" त्यांनी विचारलं.

"दिवसाला दोन मिनिटं पुढे जातं," खजिनदार म्हणाले. खऱ्या रोलेक्सला कंपनी दिवसाला दोन सेकंद मागेपुढे एवढीच मुभा देते. मिनिटं आणि सेकंद एवढाच फरक, आकडा बरोबर आहे.

मग काकांनी गल्ल्याखालून एक जुनं एचएमटी जनता काढलं. गिऱ्हाइकाचं, दुरुस्तीला आलेलं. १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळुरूत एचएमटीची घड्याळं सुरू झाली आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं महाराष्ट्रातला एकही नवरदेव तिच्याशिवाय बोहल्यावर उभा राहिला नसेल. त्यातलं कांचन मॉडेल लग्नसराईत छापील किमतीच्या वर जायचं. काकांनी बॅक उघडून आतली बाजू आमच्यापुढे धरली. आत सुईने ओरखडलेल्या बारीक खुणा होत्या: एक तारीख, एक अक्षर, दुसरी तारीख, एक फुली. प्रत्येक घड्याळजी सर्व्हिस केल्यावर आतल्या बाजूला आपली खूण करतो, पुन्हा आलं तर कधी उघडलं होतं ते कळावं म्हणून. "ही माझी," काका फुलीवर बोट ठेवून म्हणाले. "ही खालची माझ्या वडिलांची. बाहेरचा नंबर कंपनीचा. तो कंपनीला विचारावा लागतो. कंपनी बंद झाली." एचएमटीची घड्याळं २०१६ साली बंद झाली हे खरं. काकांच्या खुणा कोणत्या तक्त्यात नाहीत, पण त्यांच्यावरून त्यांनी आम्हाला त्या घड्याळाचा तीन पिढ्यांचा इतिहास सांगितला. कोणी ते अंघोळीला घालून बसलं, कोणी पडद्याच्या दांडीवर आपटलं, कोणाच्या सासऱ्याने दिलेलं म्हणून कधीच घातलं नाही.

वहिनी आतापर्यंत शांत होत्या. त्यांनी विचारलं, "म्हणजे याची पाठ आता काय कामाची?"

मी त्यांना पॉल न्यूमनची गोष्ट सांगितली. या अमेरिकन नटाला त्याच्या बायकोने एक रोलेक्स डेटोना दिलं आणि त्याच्या पाठीवर कोरून घेतलं, की गाडी जपून चालव. नवऱ्याला मोटारशर्यतीचा नाद होता. २०१७ मध्ये ते घड्याळ न्यूयॉर्कला लिलावात एक कोटी सत्त्याहत्तर लाख डॉलरला गेलं, तोपर्यंतच्या कोणत्याही मनगटी घड्याळापेक्षा जास्त. त्याचा सिरियल नंबर किती होता ते कोणी सांगत नाही. बायको काय म्हणाली ते सगळे सांगतात.

वहिनींनी पर्स उघडली. "काका, कोरायचे किती?"

"अक्षराला वीस."

"लिहा: येताना दूध. रोज फोन करावा लागतो."

काकांनी बोटांवर मोजलं. "पाच अक्षरं. काना-मात्रा धरून. पण दीर्घ ऊकाराचे पाच वेगळे. तो वळवावा लागतो."

"मग ऱ्हस्व काढा. दूध तेवढंच येतं."

"आणि हा नंबर?" काकांनी भिंगातून पहिल्यांदाच त्याच्याकडे बघितलं. "सगळी जागा यानेच अडवलीय."

खजिनदार काहीतरी बोलणार होते, पण वहिनींनी पिशवी खांद्याला लावली होती. "घासून टाका," त्या म्हणाल्या. "अजून तिघांकडे आहे तो. एकाने नाही ठेवला म्हणून काय अडतंय?"